सांखवाळ ते परळ : आचार्य धर्मानंद कोसंबी

आपल्या विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त स्मरणिका काढायचे ठरले तेव्हा मंडळाने लेखांची वाटणी केली. आमच्या वाट्याला एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र आले. आम्ही आचार्य धर्मानंद कोसंबी यांचे नाव सुचवले आणि बैठकीत लगेच कुजबूज झाली. एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांचे म्हणणे पडले की हे गृहस्थ जातीने ब्राह्मण, गांधीजींच्या आश्रमात देह ठेवलेले, आणि त्यांनी उभारलेल्या विहाराला पैसा बिर्लाशेठचा. आपल्या स्मरणिकेत यांचे काय काम? आक्षेप खोटा नाही. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तरी आम्ही हट्ट धरला, त्याला कारण घडले होते ते असे.

गेल्या जून महिन्यात विहाराच्या अभ्यासिकेत बीड जिल्ह्यातला एक मुलगा येऊ लागला. चुलत्याकडे उतरला होता. बारावीचे गुण चांगले. एका कॉलेजात प्रवेशाची चौकशी करायला गेला तर खिडकीवर काहीतरी इंग्रजीत विचारले, ह्याला समजले नाही, मागे रांगेत उभी असलेली मुले हसली. पोरगा दोन दिवस कोपऱ्यात नुसता बसून होता, आणि तिसऱ्या दिवशी परत जायला निघाला. खेड्यातल्या माणसाने असल्या ठिकाणी पाऊलच टाकू नये असे त्याच्या मनाने घेतले. त्याला थोपवायचे म्हणून त्या संध्याकाळी आम्ही कोसंबींची हकीकत सांगायला घेतली. पण आमची तिसरी पाळी होती, हकीकत अर्धीच राहिली. ती पुरी करावी म्हणून हा लेख.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यात सांखवाळ या गावी झाला. सांखवाळ म्हणजे झुआरी नदीच्या काठचे खेडे. गोवा त्या वेळी पोर्तुगीजांच्या ताब्यात. घरी नारळाची बाग होती. शिक्षण म्हणाल तर मराठी लिहिण्यावाचण्यापुरते. इंग्रजी शाळा नाही, मॅट्रिक नाही. वडिलांच्या हाताखाली माड शिंपायचे, नारळ पाडून घ्यायचे, हिशेब ठेवायचा, हा दिनक्रम. रीतीप्रमाणे पंधरा वर्षांचे व्हायच्या सुमारास लग्नही झाले. पत्नीचे नाव बाळाबाई. असे हजारो तरुण त्या काळी कोकणात आणि गोव्यात होते, आणि ते माडाखालीच म्हातारे झाले.

ह्यांच्या बाबतीत फरक पडला तो एका मासिकाने. बाळबोध नावाचे मुलांसाठी निघणारे मराठी मासिक त्यांच्या वाचनात येत असे. त्यात १८९७ च्या सुमारास भगवान बुद्धांचे चरित्र त्यांनी वाचले आणि त्यांना दुसरे काही सुचेनासे झाले. आता गंमत बघा. त्यानंतर दहा वर्षांनी, १९०७ साली, मुंबईत भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले तेव्हा केळुसकर गुरुजींनी त्यांना बक्षीस म्हणून दिले तेही मराठीतले बुद्धचरित्रच. म्हणजे दोन माणसांच्या आयुष्याला वळण लागले ते मराठीत छापलेल्या चार पानांनी. आपल्या विहारातले कपाट उघडून पाहा. वर्षभर त्याची किल्ली सापडत नव्हती, हेही इथे लिहून ठेवतो.

वडील वारल्यानंतर, १८९९ च्या अखेरीस, धर्मानंदांनी घर सोडले. याआधीही निघण्याचे प्रयत्न झाले होते, ते फसले होते. आता वय तेवीस. पदरी काही महिन्यांची मुलगी, माणिक. हेतू एकच, बुद्धाचा धर्म मुळातून शिकायचा. पण तो शिकवतात कुठे हे गावात कोणालाच ठाऊक नव्हते, मग ह्यांना कुठून असणार? संस्कृत आले पाहिजे एवढे समजले होते, म्हणून आधी पुणे गाठले. तिथे डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचे सहाय्य मिळाले. मग ग्वाल्हेर, आणि तिथून काशी.

काशीत त्यांनी अन्नछत्रात जेवून दिवस काढले आणि शास्त्र्यांपाशी बसून संस्कृत व्याकरण घोकले. इथे आम्हाला थांबावे लागते. ती अन्नछत्रे ब्राह्मणांसाठी होती, त्या पाठशाळाही ब्राह्मणांसाठीच होत्या. कोसंबींच्या खिशात दिडकी नव्हती हे खरे, पण जात बरोबर होती, आणि काशीच्या दारात तीच चालली. त्यानंतर काही वर्षांनी मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात बाबासाहेबांना संस्कृत घेऊ दिले नाही, त्यांना पर्शियन घ्यावे लागले. खेड्यातून निघालेला गरीब आणि खेड्यातून निघालेला अस्पृश्य यांत हा फरक आहे. तो झाकून चरित्र लिहिण्यात अर्थ नाही. कोसंबींचे कष्ट त्यामुळे कमी होत नाहीत, पण आपल्या मुलांना आणखी एक भिंत ओलांडावी लागते हे मात्र सांगितलेच पाहिजे.

काशीहून ते १९०२ साली नेपाळात गेले. बुद्धाचा धर्म तिथे जिवंत सापडेल अशी आशा होती. तिथली स्थिती पाहून घोर निराशा झाली. परतून बुद्धगयेला आले. तिथे समजले की पाली शिकायची तर सिंहलद्वीपात, म्हणजे आजच्या श्रीलंकेत जावे लागेल. झाले, निघाले. कलकत्त्याच्या मार्गाने कोलंबोला पोचले आणि विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविरांच्या पायाशी बसले. तिथेच त्यांनी श्रामणेर दीक्षा घेतली. ज्या गोष्टीसाठी सांखवाळ सोडले ती मिळायला असा दोन अडीच वर्षांचा आणि अर्ध्या हिंदुस्थानचा वळसा पडला.

कोलंबोत अन्न मानवेना, हवा मानवेना. भाषा ओळखीची नाही. पण त्यातही एक गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. पालीला स्वतःची लिपी नाही. सिंहलात ती सिंहली अक्षरांत लिहितात, ब्रह्मदेशात ब्रह्मी लोकांच्या अक्षरांत, विलायतेत रोमन अक्षरांत. म्हणजे एकच सुत्त वाचायला तीन तीन लिप्या शिकायच्या. आपल्याकडे देवनागरीत तेव्हा जवळजवळ काहीच छापलेले नव्हते. ह्या माणसाने एक एक लिपी गिरवली, अगदी पाटीवरच्या पोरासारखी, आणि तीही पंचविशी उलटल्यावर. पुढे ते ब्रह्मदेशात गेले, तिथे उपसंपदा घेतली, ध्यानभावना केली, तिपिटकाचा अभ्यास केला. इंग्रजीही ह्याच फिरतीवर, जमेल तसे, स्वतःच शिकले. खिडकीवर इंग्रजीत विचारले म्हणून परत जायला निघालेल्या त्या मुलाला आम्ही हा भाग दोनदा सांगितला.

१९०६ साली ते कलकत्त्याला आले. तो वंगभंगाचा काळ, बंगाल पेटलेला. तिथे त्यांची गाठ हरिनाथ डे यांच्याशी पडली. डे म्हणजे अनेक भाषा जाणणारे मोठे विद्वान. त्या वेळी सर आशुतोष मुखर्जी कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरू होते. या दोघांच्या पुढाकाराने विद्यापीठात पालीच्या अध्यापनासाठी धर्मानंदांची नेमणूक झाली. चीवर उतरवून ते पुन्हा गृहस्थ झाले होते. आता नीट ध्यानात घ्या. मॅट्रिक नाही, बी. ए. नाही, कुठल्याच परीक्षेचा कागद नाही, आणि माणूस विद्यापीठात शिकवायला उभा राहिला. त्यांनी विद्यापीठात पाऊल ठेवले ते विद्यार्थी म्हणून नव्हे, मास्तर म्हणूनच. आजच्या नियमांत हे बसायचे नाही. आज त्यांना मुलाखतीलाही बोलावले नसते.

त्या मुलाने आम्हाला इथेच अडवले होते. त्याने विचारले, की मग त्यांच्या बायकोचं काय झालं. आम्ही पाळीची वेळ झाली म्हणून उठलो. खरे सांगायचे तर उत्तर देणे टाळले. त्याच्या आईने दोन शेळ्या विकून त्याला मुंबईची गाडी दाखवली होती, हे आम्हाला त्याच्या चुलत्याकडून मागाहून समजले.

बाळाबाईंचे झाले ते असे. नवरा १८९९ साली गेला तो सुमारे सात वर्षांनी, १९०६ साली, पुन्हा दिसला. मधल्या काळात तो भिक्षू झालेला. घर सोडून गेलेल्याची बायको म्हणून तिला तेव्हाच्या समाजात लोकांनी काय काय ऐकवले असेल ते सांगायला नको. नवरा परत आल्यावर ती त्याच्याबरोबर कलकत्त्याला गेली. ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात तिला मुलगा झाला, दामोदर. पण १९१० मध्ये धर्मानंद अमेरिकेला गेले आणि बाळाबाई पुन्हा मागे राहिल्या. आपण भगवंतांच्या गृहत्यागाबद्दल प्रवचन ऐकतो तेव्हा यशोधरेचा प्रश्न बायकाच विचारतात, पुरुष विचारत नाहीत. कोसंबींच्या विद्येत बाळाबाईंच्या सात वर्षांचा वाटा आहे, तो कोणत्याही विद्यापीठाच्या दप्तरात नोंदलेला नाही. कोसंबींवर आमची श्रद्धा आहे, पण ह्या बाबतीत आम्ही त्यांची बाजू घेत नाही.

कलकत्त्याची नोकरी त्यांनी फार दिवस केली नाही. ज्ञान मिळवले ते आपल्या मराठी माणसांना द्यायचे, ही ओढ होती. बडोद्याचे सयाजीराव महाराज यांनी त्यांना महिना ५० रुपये देऊ केले. महाराष्ट्रात कुठेही राहावे आणि वर्षाकाठी एक पुस्तक लिहावे, एवढीच अट. कलकत्त्यात त्याच्या कितीतरी पट पगार मिळत होता, तो सोडून ते ५० रुपयांवर आले. १९१० साली त्यांचे बुद्ध, धर्म आणि संघ हे पुस्तक निघाले. ह्याच सयाजीरावांनी १९१३ साली बाबासाहेबांना कोलंबिया विद्यापीठात शिकायला पाठवले. खेड्यापाड्यातून वर येणाऱ्या माणसाला अक्कल असते, जिद्द असते, कमी असतो तो कुणीतरी दर महिन्याला पाठवलेला पैसा. तो वेळेवर आला की काय होते याचे हे दोन दाखले.

आता अमेरिकेची गोष्ट. हार्वर्ड विद्यापीठातले प्रोफेसर जेम्स वुड्स हिंदुस्थानात आले असता त्यांची धर्मानंदांशी ओळख झाली आणि तिथून बोलावणे आले. काम होते विसुद्धिमग्ग या ग्रंथाचे. आचार्य बुद्धघोषांनी पाचव्या शतकात सिंहलात लिहिलेला हा ग्रंथ. शील, समाधी आणि प्रज्ञा या तीन पायऱ्यांनी सबंध धम्म त्यात सांगितला आहे. हेन्री वॉरन नावाच्या अमेरिकन विद्वानाने त्याची प्रत तयार करायला घेतली होती, पण १८९९ साली तो वारला आणि काम अर्धवट पडले. जगात तेव्हा ते पुरे करू शकणारी माणसे बोटांवर मोजण्याएवढी, आणि त्यांतला एक सांखवाळच्या माडाखालचा.

तिथे त्यांनी १९१० ते १९१२ काम केले. पण ग्रंथावर नाव कोणाचे आणि कसे घालायचे यावरून प्रोफेसर लॅनमन यांच्याशी बिनसले आणि ते परत आले. आम्ही साच्यावर उभे राहणारी माणसे. कापड आम्ही विणतो, छाप मालकाची. आम्हाला ह्यात नवल वाटत नाही. मात्र ह्या माणसाने छाप मान्य केली नाही आणि तो बोटीत बसून घरी आला, ह्याचा मात्र अभिमान वाटतो. पुढे १९१८ ते १९२२, मग १९२६ नंतर आणि १९३१ साली असे आणखी तीनदा ते तिथे गेले आणि काम तडीला नेले. हार्वर्डने तो ग्रंथ छापला १९५० मध्ये, वॉरन आणि कोसंबी या दोघांच्या नावांनी. कोसंबी तो पाहायला नव्हते. पण तोवर कोण थांबतो? त्यांनी १९४० सालीच मुंबईत भारतीय विद्या भवनाकडून विसुद्धिमग्ग आपल्या देवनागरीत छापून घेतला होता. अमेरिकेत असतानाच त्यांनी समाजवादाचे वाचन केले, हेही इथे नमूद करतो. १९२९-३० मध्ये ते लेनिनग्राडलाही जाऊन आले.

मधली सहा वर्षे, १९१२ ते १९१८, ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवत होते. मुंबई विद्यापीठात पाली हा विषय सुरू व्हावा म्हणून त्यांनी आणि भांडारकरांनी खटपट केली. त्यांच्या हाताखाली शिकलेले चिं. वै. राजवाडे यांनी दीघनिकायाचे मराठी भाषांतर केले. दुसरे विद्यार्थी पु. वि. बापट यांनी १९५६ साली बुद्धजयंतीच्या २५०० व्या वर्षानिमित्त निघालेल्या सरकारी ग्रंथाचे संपादन केले. आज आपल्या समाजातली मुले पाली घेऊन बी. ए., एम. ए. होतात. तो विषय विद्यापीठात बसला कसा हे त्यांतल्या किती जणांना ठाऊक असेल?

१९१८ च्या फेरीत त्यांनी मुलांना बरोबर नेले. माणिक, जिला ते काही महिन्यांची असताना टाकून गेले होते, ती अमेरिकेतल्या रॅडक्लिफ कॉलेजात शिकली. दामोदर हार्वर्डचा पदवीधर झाला, गणितात आणि इतिहासात मोठे नाव काढले. आम्ही कामगार चळवळीतली माणसे वडिलांपेक्षा मुलालाच जास्त ओळखतो, कारण डी. डी. कोसंबींची पुस्तके आमच्या अभ्यासवर्गांतून फिरत असत.

गांधीजींच्या बोलावण्यावरून ते १९२२ पासून तीन वर्षे गुजरात विद्यापीठात होते, १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले. ह्यावर फार लिहीत नाही. ज्यांना ते पटत नाही त्यांना पटवण्याची आमची इच्छा नाही.

आता परळ. १९३७ साली त्यांनी मुंबईत विहार काढले ते मलबार हिलवर नाही, चर्नी रोडला नाही, तर परळला, गिरण्यांच्या भोंग्याखाली. नाव ठेवले बहुजन विहार. पैसा जुगलकिशोर बिर्ला यांनी दिला, हे आरंभीच लिहिले आहे. पण माणसाने पैसा कुठून आणला याबरोबर तो कुठे नेला हेही पाहावे. चार वेळा हार्वर्डला जाऊन आलेला साठीचा पंडित आमच्या बापजाद्यांच्या चाळींशेजारी येऊन राहिला. येवल्याची घोषणा होऊन तेव्हा दोनच वर्षे झाली होती. बाबासाहेब हिंदू धर्म सोडणार हे ठरले होते, कोणता स्वीकारणार हे ठरायचे होते. त्या काळात कामगारवस्तीत बुद्धाचे नाव घ्यायला आणि ऐकायला एक जागा झाली.

विहारापेक्षाही मोठे काम म्हणजे भगवान बुद्ध हा दोन भागांतला मराठी ग्रंथ, १९४० आणि १९४१ सालचा. म्हातारा, आजारी आणि मेलेला माणूस पाहून सिद्धार्थ घराबाहेर पडला, ही कथा त्यांनी बाजूला सारली. शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून तंटा होता, त्यापायी शस्त्र उचलणे सिद्धार्थाला मान्य नव्हते, म्हणून त्याने घर सोडले, अशी मांडणी त्यांनी केली. १९५७ साली निघालेल्या बाबासाहेबांच्या ग्रंथातही रोहिणीच्या पाण्याचा तंटा आहे, तो आपण विहारात दरवर्षी वाचतो. कोणी कोणाचे घेतले हा वाद विद्वानांनी घालावा. पाण्यावरून भांडणे काय असतात हे महाडला गेलेल्यांना कोणी शिकवायला नको. एवढे खरे की १४ ऑक्टोबर १९५६ नंतर आमचे वडील बुद्ध कोण होता हे मराठीत वाचायला बसले, तेव्हा हाताशी जी थोडी पुस्तके होती त्यांत कोसंबींची होती. सिद्धार्थ कॉलेज १९४६ साली आणि औरंगाबादचे मिलिंद १९५० साली निघाले. मराठवाड्याच्या खेड्यांतून वळकट्या घेऊन आलेल्या आपल्या पहिल्या पिढीनेही हीच वाट धरली.

त्यांचा शेवट आम्हाला पटलेला नाही. शरीर थकले, दुखण्यांनी पिडले, आता आपला कोणाला उपयोग नाही असे वाटून त्यांनी अन्न सोडले. एकदा १९४६ मध्ये प्रयत्न केला तेव्हा गांधीजींनी थांबवले. दुसऱ्या वेळी सेवाग्रामच्या आश्रमात ४ जून १९४७ रोजी प्राण गेला. भगवंतांनी देहदंड नाकारला, हे ज्याने आम्हाला मराठीत समजावून सांगितले त्यानेच अशी वाट धरावी याचे दुःख होते. पाली जाणणारा एवढा पंडित कुणाला तरी शिकवत शिकवत गेला असता तर बरे झाले असते.

पण शिकवण्याचा विचार त्यांनी तिथेही सोडला नव्हता. अंथरुणावरून त्यांनी गांधीजींकडे एकच गोष्ट मागितली. स्मारक नको, पुतळा नको. आपल्याकडच्या काही विद्यार्थ्यांना पाली शिकण्यासाठी सिंहलद्वीपात पाठवावे. गांधीजींनी त्याप्रमाणे व्यवस्था करायला सांगितले. जिथे आपण स्वतः पंचेचाळीस वर्षांपूर्वी कोणाची शिष्यवृत्ती नसताना जाऊन पोचलो, तिथे पुढच्या पोरांनी भाड्याचे पैसे बरोबर घेऊन जावे, एवढी ती मागणी होती.